चांदण्या किती?

निवृत्तीकाका कुणाची तब्येत विचारत नसत. नवा फ्रिज घेतलेला माणूस भेटला, की त्यांचा एकच प्रश्न, "चांदण्या किती?"

हिंगोलीत एसटी डेपोजवळ त्यांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. कोणतं यंत्र वीज कमी खातं ते चांदण्यांवरून सांगणारी लेबलं तेव्हा नुकतीच येऊ लागली होती. सक्ती नव्हती. आमच्याकडे तर दिवसातले कितीतरी तास वीजच नसे, आणि अशा गावात काका वीज वाचवायला सांगत. लोक हसत.

"काका, हाय कुठं ती वाचवायला?"

"तुमी समदे एका चांदणीचे फ्रिज घेऊन राहिले, म्हणूनच न्हाई!"

काका माझे चुलते, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून काकांचे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'लेबल नसलेला फ्रिज जिल्ह्यात विकू देऊ नये.' असे चार अर्ज आम्ही कचेरीत दिले. एकाचंही उत्तर आलं नाही. मला वाटे, माझंच मराठी कमी पडलं असेल.

शेजारच्या जोशीकाकूंनी नव्या फ्रिजची पूजा केली आणि ओल्या हळदीचं स्वस्तिक नेमकं लेबलवर काढलं. काकांनी खिशातला रुमाल काढून ते पुसून टाकलं.

"अहो निवृत्तीभाऊ, शुभकार्यात हे काय?"

"काकू, शंभर काढा. पण बाजूला काढा. ते वाचायचं असतं."

त्यानंतर गल्लीत त्यांना पूजेला कुणी बोलावलं नाही. काका चुकलेच होते, पण त्यांना ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

त्यांची एकुलती लेक सुमन साखऱ्याला दिली होती. लग्नात सासरच्यांनी मोठा फ्रिज मागितला होता. काकांनी लहान दिला, पण पाच चांदण्यांचा. व्याही भर मांडवात म्हणाले, "काहून, बाहुलीचं लग्न हाय काय?" काका त्यांना बोट लावून चांदण्या मोजून दाखवत राहिले. त्यानंतर सुमनला माहेरी धाडलंच नाही. साखऱ्याहून आलेल्या प्रत्येकाला काका विचारत, "फ्रिज चालू हाय ना?" लेकीचं मात्र कधीच विचारत नसत.

कॉलेजच्या शिबिरासाठी मी साखऱ्याला गेलो, तेव्हा सुमनताईच्या घरी डोकावलो. फ्रिज ओसरीत होता, वायर गुंडाळून वर ठेवलेली. आत लेकराचे कपडे घड्या करून ठेवले होते. दारावर वाळलेल्या हळदीचं स्वस्तिक होतं. लेबलच्या बाजूला. लेबलवर धुळीचा कण नव्हता.

"लाइनच नसती," ताई म्हणाली. "कपड्याला उंदीर तरी लागत न्हाई. बाबाला सांगू नको, बंद हाय म्हणून."

परत आलो तर काका मोटारीत तार भरत बसले होते. मला पाहून हात थांबला.

"चालू हाय ना?"

मला खोटं बोलता येईना, खरंही सांगता येईना. म्हणालो, "काका, ताईनं स्वस्तिक बाजूला काढलंय. लेबल रोज पुसते, असं दिसलं."

"म्हंजे बंद हाय."

काकांनी हातातली तार उगाच उलगडली, पुन्हा गुंडाळली. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"बारीक झाली का रे सुमी?"