टेबलाखालचा दोन

हिवरकर सर सातवीच्या वर्गात शिरले की फळा पुसण्याआधी वाकून टेबलाखाली बघत. कालचा कोणी आत राहिला नाही ना, याची खात्री करून घेत.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. इतवारीतल्या आमच्या शाळेत मी भूगोल शिकवायची आणि शेजारच्या वर्गात सर वर्गमुळं काढायचे. टेबल म्हणजे वर्गमुळाचं चिन्ह. छातीवर आकडे चिकटवलेली पोरं त्याखाली कोंबायची. सारख्या आकड्यांची जोडी जमली की त्यांच्यातला एक बाहेर येणार, दुसरा मुकाट्यानं बाकावर जाणार. एकटा उरला तो आतच. "जोडी नाही तं सुटका नाही!" सर गर्जायचे आणि माझ्या वर्गातला हिमालय हादरायचा.

एकदा हेडमास्तरांबरोबर तपासणीचे साहेब आले. तेव्हा नेमकं पन्नासचं वर्गमूळ चाललं होतं. पाच पंचे पंचवीस, दुणे पन्नास; म्हणजे दोन 'पाच' आणि एक 'दोन'. पाचांचं आटोपलं होतं. 'दोन' झालेला भगवान, वर्गातला सगळ्यांत गुटगुटीत गडी, टेबलाखाली घाम पुसत होता. गलका ऐकून मीही दारात जाऊन उभी राहिले.

"हा मुलगा खाली काय करतोय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, त्याले जोडी नाही," सर म्हणाले.

"बाहेर ये रे!"

"नाही जी," आतून भगवान म्हणाला. "मी आलो तं उत्तर चुकते."

सरांचा चेहरा अभिमानानं फुलला. हेडमास्तर भिंतीला टेकले.

"मग याला काढायचं कसं?"

"आनखी एक 'दोन' लागते जी," आतून भगवानच म्हणाला.

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं, हेडमास्तरांनी छताकडे. शेवटी साहेबच पँट सावरत टेबलाखाली शिरले.

"शंभर झाले! वर्गमूळ दहा, पुरे दहा!" सर नाचायलाच लागले. भगवान टुणकन बाहेर आला. साहेबांना मात्र ओढून काढावं लागलं.

मधल्या सुट्टीत मी सरांना छेडलं, "रोज भगवानलाच काहून हो एकटं ठेवता?"

सर हसले नाहीत. "दिवाळीत त्याची माय गेली, बाई. तेव्हापासून बाकावर गुमसुम बसते. टेबलाखाली गेला का सारा वर्ग त्याच्या नावानं ओरडते. मंग तोही ओरडते." खडूचे हात झटकत म्हणाले, "आज जेवाले घरी घेऊन चाललो त्याले."

"घरी रांधतं कोण?"

"मीच. पन एकट्यापुरतं रांधाचा लय कंटाळा येते."

शाळा सुटली. गेटासमोरच्या चढावर सर सायकल रेटत होते आणि कॅरिअरवर भगवान बसला होता.

"सर, उतरू का जी?"

"बस गा, बस," सर धापा टाकत म्हणाले. "मले जमून राहिलं."