हॅरिएटचं सुतक

परचुरे काकांना "कसे आहात?" असं सहज म्हणून विचारायची सोय नाही. "मी बरा आहे हो, पण हॅरिएटचा खोकला काही हटत नाही," असं उत्तर येतं. मग तो खोकला कोरडा की ओला, डॉक्टर घोड्यावरून येऊन काय बोलून गेला, स्वयंपाकीणबाईंनी बार्लीचं पाणी करताना ते कसं करपवलं, हे सगळं ऐकून होईपर्यंत आपल्या ताटातल्या पुऱ्यांची चामडी झालेली असते.

नवीन माणूस तर घाबरतोच. कॅनडातल्या रेजिनाच्या आमच्या मराठी मंडळात पुण्याहून एक नवं जोडपं आलं होतं. त्यातली मुलगी मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाली, "ताई, हॅरिएट म्हणजे काकांच्या मिसेस का? खूप सिक आहेत का?" म्हटलं, "बाई गं, काकांच्या मिसेस नलिनीकाकू. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आणि हॅरिएटला जाऊन झाली शंभरावर." ती पोरगी त्यानंतर हळदीकुंकवापर्यंत फिरकली नाही.

तर आधी ही हॅरिएट कोण ते सांगते. नाहीतर तुम्हीही पळाल.

काका इथे रस्तेबांधणी खात्यात इंजिनिअर होते. रिटायर झाले, काकू गेल्या, मुलगा टोरोंटोला. घरात माणूस एक आणि बेडरूम चार. तेव्हा कुणीतरी त्यांना गावातल्या एका छोट्या संग्रहालयात व्हॉलंटिअर म्हणून धाडलं. तिथे एक ट्रंक पडून होती, आणि तिच्यात पत्रंच पत्रं. इंग्लंडातल्या हॅथरली नावाच्या घराण्याची. आपल्याकडच्या पडत्या काळातल्या जहागीरदारांसारखे लोक. भलंथोरलं घर, छप्पर गळतंय, नोकर सात आणि त्यांचे पगार थकलेले. त्या घरातला धाकटा मुलगा एडमंड शेती करायला इकडे प्रेअरीच्या माळरानात आला आणि त्याची थोरली बहीण हॅरिएट त्याला जन्मभर पत्रं लिहीत राहिली.

संग्रहालयातल्या पोरांना ते जुन्या वळणाचं, जोडून लिहिलेलं इंग्रजी वाचता येईना. त्यात बाई काटकसरी. आडवा कागद भरला की तो फिरवून त्याच मजकुरावर उभं लिहायची. सगळ्यांनी हात टेकले. काकांनी मात्र चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाला लावला आणि घडाघडा वाचायला लागले. "आमच्या वडिलांचं अक्षर वाचलेल्या माणसाला जगातलं कुठलंही अक्षर वाचता येतं," असं ते म्हणतात. तेव्हापासून पत्रं वाचायची आणि कॉम्प्युटरवर उतरवून काढायची, हा त्यांचा धंदा झाला. आणि आमच्या डोक्याला ताप.

कारण काका त्या पत्रांतच राहायला गेले. "आमच्याकडे काल बदकं चोरीला गेली" म्हणायचे. आमच्याकडे म्हणजे हॅथरलींकडे. एडमंडला बायको, मुलंबाळं कुणी नव्हतं, म्हणून म्हणे हॅरिएट त्याला घरातलं बारीकसारीक सगळं कळवायची. त्या सगळ्यातली खलनायिका म्हणजे लुईझा, थोरल्या भावाची बायको. "त्या भवानीने हॅरिएटकडून कोठीच्या चाव्या काढून घेतल्या!" काका एकदा दिवाळी पॉटलकच्या जेवणात ओरडले. "मुरंब्याच्या खोलीच्यासुद्धा!" शेजारी उभ्या असलेल्या तमिळ डॉक्टरांनी "ओ, सो सॉरी टु हिअर" म्हणून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

या बातम्यांची खरी गोडी लागली ती एकट्या माझ्या सासूबाईंना. त्या साताऱ्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. चाव्यांचं ऐकून त्या म्हणाल्या, "तिला म्हणावं, भांडू नकोस. अंथरूण धर. दोन दिवस घर चालवावं लागलं की आणून देईल चाव्या पायापाशी." काकांनी मान डोलावली. पुढच्या पंधरवड्यात त्यांचा भर दुपारी फोन. "सासूबाईंना सांगा, अंथरूण धरलं हो तिने! अगदी त्या म्हणाल्या तस्सं!" सासूबाईंनी त्या दिवशी शिरा केला.

काकांचा दुसरा नाद म्हणजे "तपशील बोला, तपशील." तुम्ही म्हटलंत, आई बरी आहे, की झालंच. बरी म्हणजे काय? जेवते किती? झोपते कुठल्या कुशीवर? दुपारी कोण येतं बोलायला? आपल्याच आईबद्दल एवढं ठाऊक नसतं हो माणसाला! मग आपण ओशाळं होऊन डाळीचं पातेलं ढवळत बसायचं. त्यांचा मुलगा रविवारी फोन करतो. "ऑल गुड, डॅड?" "ऑल गुड." संपलं. मी एकदा समोर होते. फोन ठेवून काका म्हणाले, "ह्याच्यापेक्षा वीज कंपनीचं बिल जास्त बोलतं."

गेल्या वर्षी वसंतात मात्र काकांचा वेग एकदम मंदावला. संग्रहालयातली मेगन म्हणून मुलगी आहे, तिचा मला फोन आला. "मिस्टर परचुरे ठीक आहेत ना? एकच फोल्डर उरलंय. फॉलमध्ये रेनोव्हेशनसाठी आम्हाला ती खोली रिकामी करायचीय. पण ते येतच नाहीत." काकांना विचारलं तर आधी म्हणाले सर्दी. मग म्हणाले गुडघा. जुलैत म्हणाले, विंटर टायर बदलून घ्यायचेत.

"जुलैत, काका?"

"गर्दी नसते."

"काका, मला बनवू नका. काय आहे त्या फोल्डरमध्ये?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "एकच पाकीट आहे. जाड. त्याला दुखवट्याची काळी किनार आहे, आणि वरचं अक्षर हॅरिएटचं नाही."

म्हणजे पत्र उघडलं नाही तोवर हॅरिएट जिवंत. मेगनला खोली हवी होती आणि काकांना हॅरिएट हवी होती. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हातारा कामातून गेला." मीही हसले. पण ताटं वाढताना तो विषय पुन्हा मीच काढला.

आता गणपतीकडे येते. ऑगस्ट संपत आला होता. ब्रिटिश कोलंबियातल्या वणव्यांचा धूर आमच्यापर्यंत पोचला होता. दिवसभर संध्याकाळ असल्यासारखं वाटायचं, खिडक्या बंद, घशात खवखव, माणसं चिडचिडी. आमच्या मंडळाचा गणपती एका चर्चच्या बेसमेंटमध्ये बसतो आणि प्राणप्रतिष्ठा गेली कित्येक वर्षं परचुरे काका करतात. त्यांच्याशिवाय अख्ख्या गावात कुणाला ती पूजा धड येत नाही. दोन दिवसांवर चतुर्थी आली असताना आमचे अध्यक्ष गिरीश, जे एरवी आयटीत मॅनेजर असतात, त्यांना काकांचा फोन गेला. "मला पूजेला येता येणार नाही. सुतक आहे." एवढं बोलून फोन बंद.

गिरीशने तेवढंच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. मग काय विचारता! भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडलेले, पणत्या, पांढरी कमळं. एकाने "त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे" असंही लिहिलं. कोण गेलं, हे एकालाही ठाऊक नव्हतं. शेवटी गिरीशने मला फोन केला. "ताई, तुम्ही जाऊन या ना. कन्डोलन्सेस पण द्या, आणि बॅकअपला कोणी आहे का तेही विचारा."

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आपण पिठलं-भात नेतो. मीही नेला. मला वाटलं होतं, काकांचा मिरजेचा कुणी चुलतभाऊ गेला असेल. काका सोफा सोडून जमिनीवर सतरंजी टाकून बसले होते. दाढी वाढलेली. देवघराला पडदा. मी डबा ठेवला, समोर बसले आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं काका?"

"हॅरिएट."

माझं डोकंच फिरलं! चाळीस घरांचं जेवणाचं बुकिंग, मोदकांना नारळ खवून खवून माझी बोटं सोललेली, आणि हे काय! "काका, अहो काय चाललंय तुमचं? ती कोण, कुठली! तुमचं तिचं नातं काय? गोत्र तरी काय तिचं?"

"हॅथरली," काका शांतपणे म्हणाले. "तिचं लग्न झालं नव्हतं. त्यामुळे ती माहेरचीच. दहा दिवस पाळायचं."

"आणि गणपती?"

"गणपतीला समजतं."

मी उठले. खरंच निघाले होते. पण दारापाशी बुटात पाय घालताना मागून आवाज आला, "शेवटी लुईझाच होती हो जवळ."

मी वळले. काकांचे डोळे भरून आले होते.

"ज्या बाईला मी एवढी वर्षं शिव्या घातल्या, तीच. त्या पाकिटात आठ पानं लिहिलीत तिने एडमंडला. आठही पानं आडवी-उभी. ताप कुठल्या दिवशी चढला, उशी कितीदा बदलली. हॅरिएटला शेवटी नासपती खावीशी वाटली, तर ती शोधायला माळ्याला पावसात पिटाळलं. खाता काही आली नाही, पण नुसती हातात धरून बसली म्हणे, थंड लागते म्हणून. पहाटे लुईझाने चमच्याने पाणी घातलं. दोन घोट घेतले. तिसरा ओघळला."

मी पुन्हा सतरंजीवर येऊन बसले. समाचाराला गेलं की जे विचारतात तेच तोंडून निघालं. "फार हाल नाही ना झाले?"

"नाही. झोपेत गेली." काकांनी पंच्याने तोंड पुसलं. मग पंचा तसाच तोंडावर धरून म्हणाले, "मला एक बहीण होती. कमल."

आजवर मी हे नाव ऐकलं नव्हतं. आमच्यापैकी कुणीच नव्हतं ऐकलं.

"माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी इकडे आलो तेव्हा तिचं लग्न झालेलं होतं, इस्लामपूरला दिली होती. मला निरोप द्यायला मुंबईपर्यंत आली. म्हणाली, पत्र लिही, नुसतं खुशाल आहे असं नको, काय खाल्लंस तेही लिही. मी काय लिहिणार? नवी नोकरी, उणे तीस. खुशाल आहे, एवढंच लिहायचो. दुसऱ्याच हिवाळ्यात वडिलांचं पत्र आलं. वर श्री लिहिलेला नव्हता, तेव्हाच समजलो. आत एक ओळ. चि. सौ. कमल अल्पशा आजाराने गेली. आणि खाली, बाकी इकडील सर्व क्षेम."

बाहेर धुराने रस्त्यापलीकडचं घरसुद्धा दिसत नव्हतं.

"पत्र पोचेपर्यंत महिना उलटला होता. लग्न झालेल्या बहिणीचं सुतक भावाला तीनच दिवस. आणि मुदत टळून गेल्यावर कळलं तर नुसती अंघोळ. शास्त्र पाठ होतं मला. केली अंघोळ. ओल्या केसांवर टोपी चढवली आणि कामावर गेलो. कॉफी घेताना साहेबांनी विचारलं, हाउ आर यू? म्हटलं, गुड. पुढच्या वर्षी नलिनी आली, तिने कमलला पाहिलंच नव्हतं. तिच्याजवळ तरी काय बोलणार?"

"पण वडिलांना विचारलं नाहीत, काय झालं होतं म्हणून?"

"विचारलं. दोनदा लिहिलं. त्यांनी उत्तरात पावसाचं लिहिलं. त्यांना ते लिहवत नसेल. नंतर तेही गेले, तिच्या घरचेही पांगले. आता विचारायलाही कुणी उरलं नाही." काकांनी पंचा खाली घेतला. "शंभर वर्षांपूर्वी एका मडमेला शेवटचं पाणी कोणी घातलं, ते मला ठाऊक आहे. माझ्या बहिणीला कोणी घातलं, ठाऊक नाही. घातलं की नाही, तेसुद्धा नाही."

मी आपली उठले, स्वयंपाकघरात गेले आणि पिठलं गरम केलं. काका जेवले. नीट जेवले, दुसऱ्यांदा भात घेतला. तोंडात घास असतानाच कमलताईंचं सांगत होते. तिला उलटं पोहता यायचं. चिडली की ती रडायची नाही, शिंकायची. माझ्या सगळ्या प्रश्नांना त्यांच्याकडे उत्तरं होती. फक्त मुंबईपर्यंतची.

गाडीत बसते न बसते तोच गिरीशचा फोन. "ताई, काय म्हणाले काका? मॅनेज होईल का?"

"होणार नाही. यूट्यूब लावून तूच कर पूजा. काकांना खरंच सुतक आहे."

"ओह. कोण गेलं?"

"त्यांची बहीण."

"अरेरे. काय झालं होतं त्यांना?"

मी गाडी सुरू केली, बंद केली.

"कळवलं नाही रे कुणी," मी म्हटलं.