काही होत नाही

निफाडच्या गोरक्षच्या द्राक्षबागेत विचारल्याशिवाय काहीही फवारलं जात नसे. नाशिकहून बागेचे सल्लागार येत. औषध कोणतं, प्रमाण किती, मण्यावर डाग पडला तर जबाबदार कोण, एवढं ठरल्यावरच पंपाला हात लागे.

त्या साली ऑक्टोबरची छाटणी झाली आणि त्याच्या बायकोला, स्नेहलला, दिवस गेले. धाकटी अजून अंगावर पीत होती. झोपेतही आईचा पदर मुठीतून सोडायची नाही. आत्ता नको, यावर नवराबायकोचं एकमत झालं. गोरक्षने तत्परतेने मेडिकलमधून गोळ्या आणल्या. चिठ्ठी कोणी मागितली नव्हती.

कधी घ्यायच्या, रक्त थांबलंच नाही तर काय, असं स्नेहलने विचारलं.

"काही होत नाय. मेडिकलवाला म्हनला."

मेडिकलवाल्याला स्वतःला कधी दिवस गेलेले नसल्यामुळे त्याचा अनुभव निर्दोष होता.

स्नेहलने गोळ्या फळीवरच्या डब्यावर तशाच ठेवल्या आणि गोरक्षला नाशिकचा दवाखाना गाठायला लावला. तिथे 'गर्भपात' हा शब्द मोठ्याने उच्चारायची रीत नव्हती. "पिशवी साफ करायचीये ना?" सिस्टर कुजबुजली. कशी करतात, असं विचारल्यावर ती स्नेहलच्या डोक्यावरून पाहत म्हणाली, "मालकांना आत पाठवा." पिशवी स्नेहलची असली, तरी तिची माहिती मालकाला देण्याची पद्धत होती.

डॉक्टरांनी मालकाला नीट समजावलं. गर्भ पिशवीतच आहे, नळीत नाही, हे आधी बघायचं. गोळ्या सुरुवातीच्या आठवड्यांतच, तेही देखरेखीखाली. कधी काही आत राहतं, मग मशीनने ओढून काढावं लागतं. मशीननेही क्वचित जंतुसंसर्ग होतो, पिशवीला छिद्र पडतं. ताप आला, रक्त थांबेना, तर लगेच यायचं. गोरक्ष मान हलवत खिडकीबाहेर बघत होता. आभाळ भरलं होतं आणि ढगाळ हवेत बागेवर रोग पडतो.

बाहेर आल्यावर स्नेहलने विचारलं, काय म्हणाले?

"काही होत नाय म्हनले."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहल लेकीला कडेवर घेऊन बागेत गेली आणि फवारणीच्या पंपात बिनलेबलची बाटली ओतू लागली. गोरक्ष धावत आला.

"कशाची बाटली हाय ही? कोनी दिली? किती टाकलं? बाग जळली तं?"

"काही होत नाही," लेकीचं नाक पुसत ती म्हणाली. "मेडिकलवाला म्हणाला."

"अगं, जीव हाय तो. इचारल्याबिगर असं काही बी टाकत्यात का?"

"हेच दवाखान्यात विचारायचंय. आज मी आत जाते. तुम्ही लेकीला घेऊन बाहेर बसा."

दवाखान्यात तो लेकीला घेऊन बाहेर बसला. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

ही हकीकत पुढे पारावर, कृषी केंद्रात, हळदीकुंकवात, सगळीकडे सांगून झाली. ऐकणाऱ्या प्रत्येकाने एकच विचारलं, बाटलीत होतं काय?

पाणी होतं.

स्नेहलचं पुढे काय झालं, हे अजून कोणी विचारलेलं नाही. तुमच्याही मनात बाटलीच होती ना?