परबांची बाल्कनी

परबकाकांनी घरातल्या दाराला, पिंपाला, खुर्चीला आणि एकदा डुलकी लागली असताना मलाही चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. दारावर 'पोर्ता', पाण्यावर 'आवा', खुर्चीवर 'स्टुल'. ही कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटाची भाषा, पापियामेंतू. मस्कतच्या अल् घुब्र्यात ती बोलणारा माणूस एकच, आणि तो वेंगुर्ल्याकडचा.

काका माझे शेजारी. एसी दुरुस्तीत तीस वर्षं घालवलेला माणूस. अरबी असं बोलतात की अर्बाबला, म्हणजे त्यांच्या मालकाला, स्वतःच्याच अरबीची शंका येते. मल्याळम रूममेटकडून उचलली, बलुची टॅक्सीत बसून. सूर बंदरात एसी बसवायला गेले आणि दुपारपर्यंत मासळीवाल्यांची तीन भांडणं मिटवून आले. ते एकच सांगतात, उरलेली दोन मी पदरची घातली.

"त्या बेटार भाजीवालीसुद्धा चार भाषा बोलता," काका ऐकवायचे. "पापियामेंतू, डच, स्पॅनिश, इंग्रजी. आमका काय धाड भरली?"

खरं कारण पाच वर्षांचं होतं. लेक शीतल लग्न करून त्या बेटावर गेली, आणि नात माया काकांनी फक्त फोनच्या काचेत पाहिली. तिच्याशी बोलायचं होतं.

शीतल लहान असताना तिचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून काकांनी घरात मालवणी बंद केली होती. एक शब्द निसटला की पोरीने पाच मिनिटं बाल्कनीत उभं राहायचं. मस्कतच्या जूनमध्ये. त्या बाल्कनीत पापड वाळत नाहीत, थेट तळून निघतात. पोरगी महिन्याभरात फाडफाड इंग्रजी बोलू लागली. "यल्ला, मालवणी खलास," काका मिरवायचे.

सहा महिने घोकून झाल्यावर एका शनिवारी संध्याकाळी, तिकडच्या सकाळी, त्यांनी मला साक्षीला बसवून व्हिडिओ कॉल लावला.

"बोन दिया, दुशी. कोन ता बाय?" म्हणजे सुप्रभात, लाडके, कशी आहेस.

माया खुदकन हसली आणि सुटलीच. काकांना त्यातलं चार आणेच कळलं असेल, पण माझ्याकडे बघितलं ते अख्खं बेट जिंकल्यासारखं. मग तिने आईला काहीतरी विचारलं.

शीतल अडखळत म्हणाली, "पप्पा, ती म्हणते, ही तर आमची लँग्वेज. आजोबांची कुठली? त्यात काहीतरी बोला ना. मला तर येत नाही, यू नो."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

काकांच्या ओठांवर काहीतरी आलेलं मी पाहिलं. पण समोर शीतल होती.

"नेक्स्ट टाइम, बेबी," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

मग उठले, 'पोर्ता' उघडून बाल्कनीत गेले. बाहेर जून होता. घामाने शर्ट पाठीला चिकटला तरी हलेनात.

"काका, आत या."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"रव रे. पाच मिनिटां जावक नाय अजून."