उन्हाचे राखणदार

हसुरामशेठ कोणाला नमस्कार करीत नाहीत. माणूस उन्हात कुठे उभा आहे ते पाहतात आणि म्हणतात, "सावली काडा."

करंजाड्याच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहावयास आले, त्या दिवशी हा हुकूम मला मिळाला. मी आवारात वर्तमानपत्र वाचीत उभा होतो. मागे कोणाचे तरी पापड वाळत होते. मी हललो नाही. शेठांनी मला दंडाला धरून बाजूला केले, कुंडी सरकवावी तसे.

उरणच्या वाटेवर त्यांच्या घराण्याची मिठागरे होती. वाफ्यात पाणी आटून मीठ धरू लागले, की बांधावरच्या माणसाने आपली सावली वाफ्यावर पडू द्यावयाची नाही, हा त्यांच्या घरचा नेम. "सावली परली का मीट रुसतं." मिठागरांच्या जागी आज डांबर आहे. नेम तेवढा शेठांनी बरोबर आणला.

सेक्रेटरीबाईंनी कपडे वाळवण्याचे यंत्र घेतले, तेव्हा ते दुखवट्याला जावे तसे त्यांच्या दारी गेले. "वर येवरा मोटा चाकर फुकट राबतो, नि बाय तू विजेला पगार देतेस? भात त्याचा, मासली त्याची, मीट त्याचं. आपलं फकस्त तोंड."

दुपारी ते फाटकापाशी खुर्ची टाकून डोळे मिटून बसत. मलाही बसवीत.

"डोले मिटा, साहेब. लाल दिसतं? थोरं थांबा. मंग पांढरं व्हतं. तेच आमचं मिठागर."

एकदा, कोणी पाहत नसता, मी डोळे मिटले. बराच वेळ लालच होते. मग कडांकडून काही पांढरे पसरत आले; दूर, निवांत, चमचमते. वाऱ्याने त्यावर बारीक सुरकुती उठली. मी डोळे उघडले. वयोमानाने असे होते.

शेठांच्या पत्नी हिराबाय यांना अर्धांगवायू झालेला. वाचा गेलेली. त्यांची खाट दक्षिणेच्या खिडकीशी होती आणि हिवाळ्यात सकाळचे ऊन गोधडीवर येई. यंदा समोर टॉवर उभा राहू लागला. मजल्यामागून मजला चढला आणि एका सकाळी गोधडीवर ऊन आले नाही.

शेठ मला घेऊन बांधकामावर गेले. "तुमाला विंग्रजी येतं," म्हणाले. त्याची गरज पडली नाही.

"सावली काडा," त्यांनी तिथल्या इंजिनिअरला सांगितले.

"कोणाची, काका?"

"तुमच्या बिल्डिंगीची."

इंजिनिअर हसला. "काका, सगळ्या परमिशन घेतल्यात."

"वरच्याची घेतली?"

आजूबाजूचे सगळे हसले. शेठ हसले नाहीत. मीही नाही.

परतताना ते फाटकाशी थांबले. "ऊन आलं का ती एक बोट हलवायची, साहेब. तेवराच तिचा बोलना. आता नाय हलवत."

मी म्हणालो, "माझ्या गॅलरीत ऊन येते. सातवा मजला. उद्या सकाळी त्यांना वर आणा."

"तुमाला तरास."

"होईल. आणा."

दुसऱ्या दिवशी चाकांच्या खुर्चीतून त्यांनी हिराबायना वर आणले. खुर्ची उन्हात नीट बसवली. पत्नीचे नुकते न्हालेले केस सोडले आणि बट बट वेगळी करून पाठीवर पसरली. हे काम ते रोज करीत असावेत. बोटे चुकत नव्हती. मग स्वतः बाजूला, फरशीवर बसले आणि आपला तळवा तिच्या हाताखाली ठेवला.

समोरची इमारत अजून चढावयाची आहे. पुढल्या हिवाळ्यात माझ्याही गॅलरीत ऊन असेलच असे नाही.

मी आत गेलो. आत मला काही काम नव्हते. बऱ्याच वेळाने गॅलरीतून शेठांचा आवाज आला. इतका हळू आवाज त्यांच्यापाशी आहे, हे मला ठाऊक नव्हते.

"हां... हां, हिरे. समजलं मना."