लांब हात, जड बूड

यंत्रमानवाला हात लांब द्यायचा की बूड जड, यावरून वर्कशॉपमध्ये दोघा चुलतभावंडांची जुंपली होती. वजनाची मर्यादा यंत्रमानवांच्या स्पर्धेने घालून दिलेली; एकीकडे वाढवलं की दुसरीकडे कापणं आलं. दादाचं म्हणणं, बुटका गडी करू, खालच्या ट्रेमध्ये चेंडू ढकलू, गुण थोडे पण हमखास. बहिणीला मात्र वर्गात बसल्या बसल्या उंच टोपलीत अलगद उतरणारा चेंडू दिसायचा. तो एकदा खरोखर पाहायचा, एवढंच तिला हवं होतं. कप्तान तीच, म्हणून हात लांब झाला.

पहिल्याच सामन्यात एक चेंडू चुकून खालच्या ट्रेमध्ये घरंगळला. मग हात वर गेला, यंत्रमानवाने छताकडे कुणी ओळखीचं दिसल्यासारखं पाहिलं आणि तो सावकाश आडवा झाला, नेमका प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत हलताच आलं नाही. घरंगळलेल्या चेंडूवर ही जोडी जिंकली आणि परीक्षकांनी त्यांच्या बचावाचं तोंडभरून कौतुक केलं.

दादा लगेच हिशेबाला बसला. "राणीसरकार, उभं राहून काय मिळालं? पडलो तेव्हा जिंकलो."

"पडायला बनवलाय का त्याला?"

"त्याला विचारलंयस?"

तेव्हापासून एक चेंडू ढकलायचा आणि लोळण घ्यायची, असं करत ते अंतिम सामन्याला पोचले. तिथे मात्र तिने बजावलं, आज पडायचं नाही. दादाने लगेच मान डोलावली, तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं.

सामना सुरू झाला. चेंडू धरलेला हात झोपेत उचलल्यासारखा वर वर गेला. यंत्रमानव डुललासुद्धा नाही. पंजा टोपलीच्या काठाशी पोचला, आणि उघडेना.

"दादा, पंजा."

दादाने खिसा चाचपला. पंजा उघडणारी मोटार खिशातच होती. लोळणाऱ्याला पंजा कशाला, उलट कुणी ढकलून बाजूला सारू नये, म्हणून मोटारीच्या वजनाचं शिसं त्याने सकाळीच गुपचूप बुडाशी भरलं होतं. गडी उभा होता तो त्या शिशाच्या जिवावर.

ती क्षणभर वर पाहत राहिली. मग म्हणाली, "पाड."

"काय?"

"चाकं झटक्यात मागे घे. पाड त्याला."

यंत्रमानव कुणाच्या खांद्यावर मान टाकावी तसा टोपलीवर कलंडला. पंजा काठावर आपटला, चेंडू सुटला आणि आत पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"गेला का रे?" डोळे गच्च मिटून घेतलेल्या कप्तानाने विचारलं.

"गेला."

"अलगद?"

दादाने टोपलीवर कलंडलेल्या यंत्रमानवाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अगदी," तो म्हणाला.