अवघडलेली मान

नटाने मान डावीकडे कलती केली, तोंड अर्धवट उघडलं, बोटं वाकडी केली आणि इस्पितळाच्या धुलाईघरात पाऊल टाकलं. वीस वर्षं नायकाच्या मित्राची कामं केलेल्या या गृहस्थाला पहिल्यांदाच मुख्य भूमिका मिळायची होती, बौद्धिक अपंगत्व असलेल्या कामगाराची. दिग्दर्शकाची अट होती की आठवडाभर अशा एखाद्या व्यक्तीबरोबर राबायचं आणि शनिवारी करून दाखवायचं. नाही पटलं तर पुन्हा नायकाचा मित्र. मान, तोंड आणि बोटं त्याने सिनेमे बघून आधीच घोटून ठेवली होती आणि दिग्दर्शकाला एकदा दाखवलीही होती.

चादरींच्या घड्या घालणाऱ्या ताईंना असं अपंगत्व होतं. दहाच्या पुढचे आकडे निसटायचे, म्हणून त्या दहा-दहाचेच गठ्ठे बांधायच्या. त्यांनी नटाला नीट न्याहाळलं आणि कपाटातून बामची डबी काढली.

"मान अवघडलीय. लावा."

नटाने बाम चोळला, पण मान काही सोडली नाही. चादरीचं दुसरं टोक त्याच्या हाती होतं. मान कलती म्हणून नजर कलती, नजर कलती म्हणून घडी कलती. दुपारपर्यंत चार गठ्ठे वर वॉर्डांत गेले आणि तसेच खाली आले, मागोमाग मुकादम. वाकड्या घड्यांमुळे वर कपाटांची दारं लागत नव्हती आणि परिचारिका खवळल्या होत्या. हा कुणाचा प्रताप, असं मुकादमाने विचारताच नटाच्या तोंडचं पाणी पळालं. इथून हाकललं, तर भूमिकाही गेली.

"आमच्या दोघांचा," ताई म्हणाल्या. "ते नवीन आहेत. मान दुखतेय त्यांची. मी शिकवते."

वीस वर्षांत त्याची बाजू कुणी इतक्या चटकन घेतली नव्हती. त्याने तोंड मिटलं, मान सरळ केली आणि सगळ्या चादरींच्या पुन्हा घड्या घातल्या. कोपरा चुकला की ताई दटावत होत्या.

शनिवारी दिग्दर्शक धुलाईघरातच आला. सरळ उभ्या नटाकडे बघून त्याचा चेहरा पडला.

"मान कुठं गेली?"

"बरी झाली," नट म्हणाला. भूमिका हातची चालली हे त्याला कळत होतं, पण ताईंसमोर तो सोंग करायला तयार नव्हता.

दिग्दर्शक ताईंकडे वळला आणि वाकून, शब्द सुटे करत, मोठ्यांदा म्हणाला, "ताई... काम... आवडतं?"

ताईंनी नटाला हळूच विचारलं, "यांना कमी ऐकू येतं का?" मग दिग्दर्शकाच्या कानाशी तितक्याच जोरात म्हणाल्या, "आवडतं... हे... टोक... धरा."

दिग्दर्शकाने टोक धरलं. तिसऱ्या चादरीला त्याचा आवाज साधा झाला, आणि गठ्ठा पुरा होईस्तोवर त्याने भूमिका नटाला देऊन टाकली, सरळ मानेसकट.

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी नटाने ताईंकडून ती बामची डबी मागून घेतली आणि खिशात ठेवली. मान पुन्हा अवघडू नये म्हणून.